हलक्या बफरची पोटदुखी

मित्रांनो, मी एक जुना बफर आहे.

बफर म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवर गोल गोल फिरणारं ते चक्र आलं असेल. ते माझं कुणी लागत नाही. मी रायफलच्या दस्त्यात राहतो. दस्त्यात एक नळी असते, नळीत लांबच लांब स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडाशी मी. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे गोळीमागचं दार बंद करणारा पोलादी ठोकळा, धाडकन मागे येतो आणि मला रेटतो. मी स्प्रिंग दाबत मागे जातो, नळीच्या तळाशी शेपूट आपटून घेतो आणि त्याच स्प्रिंगच्या जोरावर बोल्टाला पुन्हा पुढे पाठवतो. पुढे जाताजाता तो मॅगझिनमधली पुढची गोळी घेऊन जातो. एवढंच माझं काम. धक्का सोसायचा आणि तक्रार करायची नाही. त्यातलं पहिलं मला नेहमीच चांगलं जमलं, दुसरं मात्र कधी जमलं नाही, हे पुढे कळेलच.

रायफल हे खेळणं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. आमच्या कारखान्यात रिकामं काडतूससुद्धा मोजून परत द्यावं लागतं. तेव्हा ही गोष्ट ऐकून कुणी काठी खांद्याला लावून धाकट्या भावंडामागे धावू नये.

माझा जन्म तुआसचा. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, जिथे एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, हिरवी लाइन संपते, तिथे कारखानेच कारखाने आहेत. त्यातल्या एकात ॲल्युमिनियमच्या दांड्यापासून मला लेथवर कातून काढलं. पोट पोकळ ठेवलं. त्यात पोलादाचे तीन तुकडे भरले, तुकड्यांमध्ये रबराच्या चकत्या घातल्या, मागे प्लॅस्टिकचं बूड बसवलं आणि आडवी पिन ठोकून मला बंद केलं. वजन भरलं पंच्याऐंशी ग्रॅम, म्हणजे बाजारातली दोन लिंबं. त्या दिवशी मला ते भरपूर वाटलं होतं.

तिथून मी चाचणीच्या खोलीत पद्माकरकाकांच्या हाती आलो. पद्माकरकाका अंबरनाथचे. आयुष्यभर तिकडच्या शस्त्रांच्या कारखान्यात काम करून, चष्म्याचा नंबर वाढवून, पन्नाशीनंतर इकडे आले. राहायला शहराच्या पूर्वेला, बेडोकला. रोज सकाळी बेडोकला गाडीत बसायचे ते थेट शेवटच्या स्टेशनाला उतरायचे, तासाभराहून जास्त. तेवढ्यात त्यांची एक झोप व्हायची. खोलीत आजूबाजूला इंग्रजी, चिनी, मलाय, तमिळ, सगळं चालायचं. पण काका एकटे असले की हत्यारांशी आणि माझ्याशी मराठीत बोलायचे. पेचकस सापडला नाही की "कुठे तडफडला हा?" आणि सापडला की "हे बघा, नाकासमोर बसलेत महाराज." माझं सगळं शिक्षण असं झालं. जन्म सिंगापूरचा, पण भाषा अंबरनाथची.

काकांची एक सवय होती. नवा बफर हातात आला की ते तो कानाशी धरून हलवायचे, बायका मंडईत नारळ हलवून बघतात तसा. पोटातले तुकडे मोकळे असायला लागतात. बोल्ट आदळला की ते क्षणभर उशिरा आदळतात आणि त्याची उसळी दाबून टाकतात. माझा आवाज आला खळ्ळ. काका म्हणाले, "गुणी आहे." मित्रांनो, त्या दोन शब्दांवर मी चार वर्षं काढली.

ती चार वर्षं सुखाची होती. आमची रायफल दोन भागांची. खालच्या भागात दस्ता, मूठ आणि चाप; त्याला सगळे लोअर म्हणतात. वरच्या भागात गोळी जिच्यातून सुटते ती नळी आणि बोल्ट, तो अप्पर. दोन पिना ओढल्या की अप्पर निघतो आणि दुसरा बसवता येतो, एका पायजम्यावर सदरा बदलावा तसा. पण त्या काळात आमच्याकडे सदरा एकच होता, लांब नळीचा. तो लांबोबा स्वभावाने शांत. त्याचा बोल्ट माझ्याकडे यायचा तो जरा आवरूनच यायचा. हजारो गोळ्या आम्ही काढल्या, एकदाही अडलो नाही. काका दर शुक्रवारी मला बाहेर काढून पुसायचे, स्प्रिंगला तेलाचं बोट लावायचे आणि परत आत सोडायचे. आपण या घरचे जावई आहोत असंच मला वाटायला लागलं होतं.

मग दोन पाहुणे आले आणि माझी झोप उडाली.

पहिला पाहुणा म्हणजे आखूड नळीचा अप्पर. हा भलता तापट. नळी आखूड असली की गोळीमागच्या वायूचा दणका बोल्टाला लवकर आणि जोरात बसतो, त्यामुळे त्याचा बोल्ट माझ्या अंगावर असा धावून यायचा, की माझं प्लॅस्टिकचं बूड नळीच्या तळावर आपटून ठणकायचं. रिकामी काडतुसं नीट बाजूला पडायची सोडून पुढे उडायची. मी सोसत होतो, पण ओढाताण व्हायची, हे खोटं कशाला बोलू.

दुसरा पाहुणा म्हणजे तो.

तो अगदी माझ्यासारखाच दिसायचा. तीच लांबी, तोच घेर, तेच बूड. फक्त पोटात पोलादाऐवजी टंगस्टनचे तीन तुकडे. टंगस्टन म्हणजे पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड धातू. त्याला काट्यावर ठेवलं तर आकडा आला एकशे त्रेपन्न. खोलीतल्या दोघातिघांनी शीळ घातली. मला काट्यावर ठेवलं तेव्हा कुणी साधं खाकरलंही नव्हतं. काकांनी त्याला कानाशी नेऊन हलवलं. खळ्ळ नाही, नुसतं टक्. आणि काका, माझे काका, म्हणाले, "आवाज घरंदाज आहे हो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गुणी आणि तो घरंदाज? गुणी तर शेजारच्या पोरालाही म्हणतात.

त्याला राहायलाही काय मिळालं, तर टेबलावर निळ्या स्पंजचा डबा. उजेडात, एसीच्या वाऱ्यात. मी इकडे तेलकट नळीत, काळोखात, बोल्टाचे रट्टे खात. अप्पर बदलायची वेळ आली की रायफल मधून उघडते आणि तेवढा वेळ माझं तोंड बाहेर दिसतं. त्या मिनिटभरात मला जे जग दिसायचं त्यात समोर हा स्पंजवर पसरलेला असायचा. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावत होतो. दहावा दिवस उजाडला तरी तो डबा तिथेच होता.

तेव्हा आमच्याकडे अनुया होती. पुण्याची, अठ्ठावीस वर्षांची, इथल्याच विद्यापीठात शिकून नोकरीला लागलेली. चटपटीत मुलगी. जेवणाच्या सुटीत काकांच्या डब्यातली पोळीभाजी आणि तिचा कॅन्टीनमधला भात यांची अदलाबदल व्हायची. काका तिला अगं-तुगं करायचे, ती त्यांना काका म्हणायची आणि अहो-जाहो करायची. बाहेरदेशीच्या एका गिऱ्हाइकाला आमची रायफल दोन्ही अप्परांसकट घ्यायची होती, पण अट अशी की दोन्हींना मिळून बफर एकच हवा. बरोबरच आहे, वरचा सदरा बदलला म्हणून कोण कशाला दस्ता उघडून आतला बफर बदलत बसेल? तो एक बफर कोणता, हे ठरवायचं काम आमचे साहेब, मिस्टर लिम, यांनी अनुयाला दिलं होतं. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. सप्टेंबरात तिचा इथे नोकरी करायचा पास संपत होता, आणि हे काम कसं होतं ते बघून मगच नव्या पासाचा अर्ज करू, असं साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. काकांना त्यांनी बजावलं होतं की मध्ये पडायचं नाही, निर्णय तिचा.

आणि जो निवडला जाणार नाही त्याचं काय? तेही मी ऐकलं होतं. रायफलचे भाग कुणी टेबलावर शोभेला ठेवत नाही. नोंद करतात, चिरडतात आणि भंगारात पाठवतात.

म्हणजे मी किंवा तो. समजलं ना?

पहिल्याच दिवशी अनुयाने चिकटपट्टीवर मार्करने लिहून आम्हां दोघांना नावं दिली. त्याच्यावर लिहिलं 'जड' आणि माझ्यावर 'हलका'. हलका! मित्रांनो, आपल्याकडे हलका कशाला म्हणतात? हलका माल, हलक्या कानाचा, हलक्या मनाचा. एवढी मोठी मराठी भाषा, त्यात या मुलीला माझ्यासाठी हाच शब्द सापडला. माझ्या अंगावरची पट्टी तर पहिल्या दहा फैरींतच तेलाने सुटून पडली, पण शब्द काही सुटला नाही.

मग चाचण्या सुरू झाल्या. रायफल पकडीत घट्ट आवळायची, काकांनी दोरीने चाप ओढायचा, अनुयाने कॅमेऱ्यात बघायचं. कधी मी आत, कधी तो आत. तो आत गेला की मी टेबलावर फडक्यात गुंडाळलेला असायचो, काहीच दिसायचं नाही. मी आत असलो की काळोख. म्हणजे दोन्हीकडून मी आंधळा आणि फक्त कान शाबूत. आणि त्या कानांवर काय पडायचं? अनुयाचा आवाज. "काका, हा भारीये!" "कसला भारी आहे ना हा!" "बघा तरी, भारीच!"

भारी. अंबरनाथच्या भाषेत भारी म्हणजे जड. काका खोक्याला भारी म्हणायचे, बेडोकच्या बाजारातून आणलेल्या पिशवीला भारी म्हणायचे. आमच्या दोघांत जड कोण होता? मी काळोखात धक्के खात होतो आणि ही बया बाहेर स्पंजवर लोळणाऱ्या त्या टंगस्टनच्या गोळ्याचं कौतुक करत होती! माझ्या प्रत्येक फैरीनंतर! म्हणजे काम मी करायचं आणि कौतुक त्याचं. एवढी पोटदुखी झाली की पोटातले तिन्ही तुकडे जाग्यावर राहीनात.

खरं सांगतो, मी त्याचं वाईट चिंतायला लागलो. त्याची पिन सैल पडो. त्याच्या बुडाला चीर जावो. तो आत असताना बोल्ट अडो, सगळ्यांसमोर अडो. मला हात नाहीत म्हणून बरं, नाहीतर मी काय केलं असतं ते सांगवत नाही. त्याने माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. स्पंजवर पडून होता, एवढंच.

गिऱ्हाइकाची माणसं गुरुवारी येणार होती. मंगळवारी शेवटची चाचणी झाली. आम्ही दोघंही आळीपाळीने आत गेलो. बुधवारी दुपारी अनुयाला पाहुण्यांना घ्यायला चांगीच्या विमानतळावर जावं लागलं. काका रायफल साफ करत बसले होते. आम्ही दोघं टेबलावर शेजारी शेजारी. तेवढ्यात तिचा फोन आला. हात तेलकट म्हणून काकांनी स्पीकरवर टाकला. मागे विमानतळाचा कलकलाट.

"काका, पाहुणे आलेत, मी जास्त बोलत नाही. काल जो भारी चालला ना, तोच उद्याला बसवून ठेवा."

"भारीच बसवू ना? नक्की?"

"नक्की. भारीच."

फोन बंद झाला. काकांनी हात पुसले. मग स्वतःशीच पुटपुटले, की लांब नळीला हा जरा जडच जाईल, पण पोरीने विचार केला असेल. आणि साहेबांनी मध्ये पडायचं नाही म्हणून सांगितलंय. त्यांनी त्याला उचललं, पुसलं आणि नळीत सोडलं. मला फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं. संपलं. ड्रॉवर बंद झाल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका.

गुरुवारी सकाळी पाहुणे आले. तीन जण होते, आपल्या काडतुसांचे डबे बरोबर घेऊन आलेले. पहिल्या डब्यातली काडतुसं आमच्या काडतुसांपेक्षा जरा मवाळ, कमी दणक्याची होती, असं काकांनी डबा उघडल्यावर ओळखलं आणि चष्मा वर केला. पण मध्ये पडायची मनाई होती. लांबोबा चढवलेला होता. पेचकस काढताना काकांनी ड्रॉवर अर्धा उघडा ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं आणि फडक्याच्या फटीतून थोडं दिसलंही.

एक गोळी. दोन. तिसरीला रायफल थांबली. बोल्ट पुरता मागे आलाच नाही, अर्ध्या वाटेवरून परत गेला आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या दारातच अडकलं. मवाळ काडतूस, शांत नळी आणि त्यात हा एकशे त्रेपन्न ग्रॅमचा धोंडा. त्याला हलवणार कोण? काकांनी मोकळं केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा दुसऱ्याच गोळीला अडली. एक पाहुणा वहीत काहीतरी लिहायला लागला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जिरली! घरंदाज आवाज म्हणे! मी ड्रॉवरमध्ये नाचायचाच बाकी होतो. आणि मग मला फटीतून अनुयाचा चेहरा दिसला. ओठ पांढरे पडले होते. हातातला पाण्याचा ग्लास तिने दोनदा ठेवला आणि दोनदा उचलला. लिमसाहेब तिच्याजवळ येऊन हळू आवाजात एवढंच म्हणाले, "अनुया, कॅन ऑर नॉट?" जमणार की नाही, हे विचारायला यांच्याकडे हे तीन शब्द पुरतात. माझा आनंद तिथेच आटला, हे माझ्या बाजूने एक सांगण्यासारखं आहे. फारसं नाही, पण आहे.

तिने स्वतः पुढे होऊन पिन ओढली आणि रायफल उघडली. आत त्याचं तोंड बघून ती दचकली.

"काका, हा कसा काय आत? मी तर भारी बसवा म्हटलं होतं!"

"मग बसवलाय की. हाच भारी. एकशे त्रेपन्न."

"अहो काका, भारी म्हणजे मस्त हो! मी जड कुठे म्हटलं? मी तर रोज त्या हलक्यालाच भारी म्हणतेय!"

पाहुण्यांना काय चाललंय काहीच कळत नव्हतं. एक अंबरनाथचे, एक पुण्याची, दोघं मराठी, दोघांत एकच शब्द, आणि त्याचे अर्थ दोन. काकांना वाटलं वजन, तिला म्हणायचं होतं कौतुक.

आणि मी?

मी त्या ड्रॉवरमध्ये सुन्न पडलो होतो. रोज त्या हलक्यालाच. म्हणजे मलाच. "कसला भारी आहे ना हा" हे मलाच होतं. प्रत्येक फैरीनंतर जे ऐकून मी जळत होतो, ते सगळं माझंच कौतुक होतं, आणि मी ते दुसऱ्याचं समजून त्याला शाप देत बसलो होतो. आपल्याच पानात वाढलेली जिलबी शेजाऱ्याची समजून त्याच्याशी भांडावं, असा माझा शहाणपणा.

काकांनी घाईघाईने त्याला काढलं, मला घातलं. लांबोबाबरोबर मी तीस गोळ्या एका दमात काढल्या, त्याच मवाळ काडतुसांवर. लिमसाहेबांनी मान हलवली. अनुयाने श्वास सोडला. मला वाटलं, झालं, आपणच. मनातल्या मनात मी मांडे खायलाही बसलो.

मग पाहुण्यांनी आखूड अप्पर चढवून दुसऱ्या डब्यातली, आमच्याहूनही कडक काडतुसं भरायला सांगितली. तापटाचा बोल्ट माझ्यावर धावून आला, मी नेहमीप्रमाणे उडालो, आपटलो आणि परतलो. पण फार लवकर परतलो. मॅगझिनला पुढची गोळी वर ढकलायलाही वेळ मिळाला नाही. सातव्या गोळीला बोल्ट रिकाम्या घरावर जाऊन बसला. चाप ओढला तर नुसतं टिक्. पुन्हा भरलं, पुन्हा पाचव्या-सहाव्याला टिक्. तोच पाहुणा पुन्हा वहीत लिहायला लागला. सगळ्यांसमोर अडण्याची जी वेळ मी त्याच्यासाठी मागितली होती ती माझ्यावर आली. त्याच टेबलापुढे, त्याच माणसांदेखत.

साहेबांनी या वेळी विचारलंही नाही. अनुयानेच पाहुण्यांकडे पंधरा मिनिटं मागून घेतली. आम्हां दोघांना तिने समोर ठेवलं आणि कपाळाला हात लावून बसली. दोघंही नापास. एक जास्त जड, एक जास्त हलका. आता कुणाचंच काही खरं नाही, दोघंही भंगारात आणि ही मुलगी विमानात, असं मी धरून चाललो होतो. काकांनी सवयीने मला उचललं आणि कानाशी हलवलं. खळ्ळ. मग त्याला. टक्. अनुयाने झटकन मान वर केली.

"काका, दोघांचं अंग एकच आहे ना? फक्त पोट वेगळं?"

"अगदी एकच. एकाच लेथवरचे."

"मग पोटातलं एक इकडचं तिकडे करा."

काका हसले. साहेबांनी मध्ये पडू नका म्हटलं होतं, पण आता तिनेच बोलावल्यावर त्यांच्या हातांना पंख फुटले. पिनेवर पंच लावला, हातोडीचा एक टोला, आणि जन्मात पहिल्यांदा माझं पोट उघडलं. माझे तीन पांढुरके तुकडे फडक्यावर आले. शेजारी त्याचे तीन काळसर. आम्ही दोघंही उघडे, रिकामे, शेजारी शेजारी. त्या क्षणी मला कळलं, की रिकामे झाल्यावर आमच्यात काहीच फरक नव्हता. काकांच्या जागी दुसरं कुणी असतं तर कोणतं अंग कुणाचं हेही त्याला ओळखता आलं नसतं.

काकांनी माझ्या पोटात माझे दोन आणि त्याचा एक तुकडा घातला. माझा उरलेला एक त्याच्या पोटात गेला. पिना ठोकल्या. मला काट्यावर ठेवलं. एकशे आठ.

"जपाच्या माळेएवढा," असं म्हणून काकांनी आकड्याला चक्क हात जोडले.

लांबोबाबरोबर तीस गोळ्या. एकदाही अडलो नाही. तापटाबरोबर तीस. काडतुसं बाजूला एका रांगेत पडली, बोल्ट ठरल्या वेळेला गेला आणि आला. पाहुण्याने वही मिटली. निवड झाली. सप्टेंबरात अनुयाचा पास वाढला. ही बातमी तिने काकांना त्यांच्याच डब्यातली पोळी खाताखाता सांगितली.

तेव्हापासून नमुन्याचा बफर म्हणून मी या रायफलमध्ये आहे. माझ्यासारखे शेकडो एकशे आठ ग्रॅमचे बनले. तुम्ही म्हणाल, मग आता कसलं दुःख?

सांगतो. बोल्ट आदळला की माझे दोन तुकडे लगेच पुढेमागे होतात, आणि त्याचा एक क्षणभर मागे राहतो. तो घाई करत नाही. सगळी धांदल संपली की मग येतो आणि हळूच टेकतो, आणि उसळी तिथेच थांबते. रोज शेकडो वेळा मला त्याचा स्वभाव कळतो. आणि कळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, फार उशिरा. मी काळोखात होतो म्हणून मला ते 'भारी' कुणाला आहे ते दिसलं नाही. तो तर टेबलावर होता, उजेडात. अनुया बोट रायफलकडे करत असणार, आणि ते त्याला रोज दिसत होतं. आपल्याला कुणी भारी म्हणत नाही, शेजाऱ्यालाच म्हणतात, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जळायचा हक्क होता तो त्याचा. तो स्पंजवर गप्प पडून राहिला.

हे मला त्याला सांगायचं होतं. पण नळीत एका वेळी एकच बफर मावतो, त्यामुळे आमची गाठ पुन्हा पडलीच नाही. त्याला एका कपाटात ठेवलं होतं. पुढे काका निवृत्त होऊन अंबरनाथला गेले, जाण्याआधी त्यांनी मला शेवटचं पुसलं आणि नव्या माणसाला खुणेने सांगितलं, की स्प्रिंगला तेल लावायला विसरू नका. गेल्या महिन्यात कपाट आवरलं. नव्या माणसाने यादी वाचली, एकेक वस्तू तपासून खोक्यात टाकली, आणि खोकं चिरडायला नेलं. त्या दिवशी रायफल उघडी होती, म्हणून मला दिसलं. त्याच्याबरोबर माझाही एक तुकडा गेला. मी इथूनच खळ्ळ वाजलो असतो, पण कुणी हलवल्याशिवाय मला वाजता येत नाही.

मित्रांनो, वस्तूंना तेलाचं बोट लावा, वेळच्या वेळी पुसा, हे तर मी सांगणारच. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने दुसरं काय सांगायचं? पण तुम्हाला तोंड आहे. कुणाचं कौतुक कानावर पडलं आणि पोटात दुखायला लागलं, तर आधी विचारा, की हे कुणाविषयी चाललंय. आणि ज्याच्याविषयी उगाच वाकडं मनात आणलं असेल, त्याला तसं जाऊन सांगून टाका, शक्यतो आजच. आम्हां दोघांना एका नळीत जागा नव्हती. तुम्ही तर एका बाकावर बसता.